टी-२ वर मध्यरात्री उतरणाऱ्या आई-बाबांसाठी पुण्यापर्यंतची गाडी

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा (वय ७१ आणि ७६) सहा महिने न्यू जर्सीला राहून परत निघालेत. विमान १५ जुलैला ००.४० वाजता मुंबईच्या टर्मिनल २ वर उतरतं. चार मोठ्या बॅगा, दोन केबिन बॅगा, बाबांना व्हीलचेअर. घर कोथरूडला. आणायला जाईल असं पुण्यात कुणी नाही, त्यामुळे गाडी तिकडे बसून तुम्हालाच ठरवायची आहे. चौकशी केल्यावर २,८०० रुपयांपासून ७,५०० रुपयांपर्यंत आकडे आलेत आणि कोणता खरा धरायचा ते कळत नाही.

दराचा हिशेब पुढे मांडतो, पण त्या आकड्यांवरून गाडी निवडू नका. पहाटे तीन ते साडेसहा या वेळात घाट चढवणारा माणूस कोण आहे आणि त्याची झोप झाली आहे का, हे आधी ठरवायचं. मग डिकी. मग पैसे. आणि या तिन्हींच्या आधी तारीख, कारण ती चुकली तर बाकी काहीच उरत नाही.

००.४० ही वेळ फसवी आहे. आपल्याकडे रात्र सरेपर्यंत दिवस आदलाच धरतात, पंचांगातला वारही सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे "१५ तारखेला रात्री पाऊण वाजता" असं फोनवर सांगितलं, की ऐकणारा १५ चा दिवस मावळल्यानंतरची रात्र समजतो आणि गाडी बरोबर चोवीस तास उशिरा येते. त्यातून अमेरिकेहून निघायची तारीख तिकिटावर १३ किंवा १४ असते. ती कुठेतरी मेसेजमध्ये गेली की गोंधळ पक्का. म्हणून गाडीवाल्याला निघण्याची तारीख कळवूच नका. फक्त उतरण्याची सांगा आणि ती अशी लिहा: "मंगळवार १४ जुलैची रात्र, १२ वाजून गेल्यावर, म्हणजे बुधवार १५ जुलै ००.४०. ड्रायव्हरने पुण्याहून मंगळवारी संध्याकाळी निघायचं आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ड्रायव्हर कधी निघणार ते लिहिलं की तारखेचा घोळ जागच्या जागी उघडा पडतो.

विमानाचा नंबर द्या, पण कोणता ते बघून. तिकीट एका कंपनीचं आणि विमान प्रत्यक्षात तिच्या भागीदार कंपनीचं, असं जोड-विमानांत नेहमी असतं. विमानतळाच्या फलकावर आणि विमान शोधण्याच्या ॲपवर प्रत्यक्ष उडवणाऱ्या कंपनीचा नंबर सरळ सापडतो. तोच द्या. मुंबईला येणारं शेवटचं विमान परदेशातूनच येतंय की दिल्लीहून देशांतर्गत, हेही तपासा. दिल्लीहून येणारं टर्मिनल १ वर उतरू शकतं, आणि दोन्ही टर्मिनल रस्त्याने चार-पाच किलोमीटर लांब आहेत, दारं वेगळी, वाहनतळ वेगळे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. त्याचं चिन्ह एनएमआय, जुन्या मुंबईचं बीओएम. तिकिटावरची ही तीन अक्षरं वाचून मगच गाडीवाल्याला "मुंबई एअरपोर्ट" म्हणा.

आता ड्रायव्हर. पुण्याची गाडी असेल तर तो रात्री आठ-नऊला निघतो, बाराच्या सुमारास सहारला, म्हणजे टर्मिनल २ च्या भागात पोचतो, दोन-अडीचपर्यंत थांबतो आणि तीनच्या आसपास परत फिरतो. एवढी रात्र जागणं कसलेल्या माणसाला जमतं, जर तो त्या दिवशी दुपारी झोपला असेल तर. अडचण अशी, की गाडीचा हप्ता चालू असतो, म्हणून तीच गाडी आणि तोच माणूस सकाळी सातपासून हिंजवडीच्या कंपनीच्या ड्युटीवर असतो आणि तिथून थेट मुंबईला निघतो. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला आठ तासांची मर्यादा होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पण तो जुना कायदाही पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता, आणि आपल्याला भेटणारे गाडीवाले बहुतेक एक-दोन गाड्यांचे मालक, स्वतःच चालवणारे. त्यांच्या झोपेचा हिशेब कुणी ठेवत नाही. तो तुम्हीच ठेवायचा.

"ड्रायव्हर चांगला आहे ना?" या प्रश्नाला "एक नंबर आहे साहेब" हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, "मंगळवारी दुपारी त्याला कुठली ड्युटी आहे? आणि बुधवारी सकाळी आठला त्याला कुठे हजर व्हायचंय?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच कामाचा आहे. सकाळी दुसरं भाडं घेतलेला ड्रायव्हर विमानाला तास-दोन तास उशीर झाला की अस्वस्थ होतो, फोन बंद करून निघून जातो, किंवा घाटात घाई करतो. "दुपारपासून त्याला मोकळा ठेवतो आणि बुधवारी सुट्टी" असं सांगणारा गाडीवाला पाचशे-सातशे रुपये जास्त मागत असेल तर ते बिनतक्रार द्या. एवढ्या सगळ्या व्यवहारात सगळ्यात सत्कारणी लागणारे पैसे हेच.

मुंबईची गाडी घेतली तर? ड्रायव्हर अंधेरी-कुर्ल्याहून येतो, त्यामुळे येतानाचा दीडशे किलोमीटरचा शीण वाचतो. पण त्याला परतीचं भाडं हवं असतं, सकाळी पुण्यातून लवकर सुटायचं असतं, आणि कोथरूडच्या गल्ल्या माहीत नसतात. मोठी संस्था असेल, रात्रपाळीचे ड्रायव्हर वेगळे असतील, तर मुंबईची गाडी उत्तम. एकट्या मालकाची असेल तर माझं झुकतं माप पुण्याच्या, ओळखीतून आलेल्या गाडीला. तुमच्या सोसायटीतल्या दोन-तीन घरांतली मुलं परदेशी असतीलच. त्यांचे आई-वडील ज्याच्या गाडीने येतात-जातात तो नंबर मागा.

वेबसाइट आणि ॲपवरून ठरवलेल्या गाडीत काही वाईट नाही, पण तिची रचना समजून घ्या. तुम्ही पैसे भरता त्या कंपनीची बहुधा स्वतःची गाडी नसते. ट्रिप एका व्हेंडरकडे जाते, तो पुढे दुसऱ्याला पास करतो, आणि प्रत्येक हात आपला वाटा काढतो. शेवटी ड्रायव्हरच्या हातात पडणारी रक्कम इतकी बारीक असते की आयत्या वेळी बरं भाडं मिळालं तर तो तुमचं सोडतो. गाडीचा नंबर प्रवासाच्या काही तास आधीच येतो तो याचसाठी: तोवर ती ट्रिप कुणी उचललेलीच नसते. २,८०० चा आकडा बहुतेक इथूनच आलेला असणार. दिवसा, एकटा तरुण माणूस, एक बॅग, असा प्रवास असेल तर खुशाल घ्यावा. पहाटे व्हीलचेअरसकट नको. दरवाजापर्यंत सोडणाऱ्या शेअर टॅक्सीही आहेत, स्वस्त पडतात, पण इतर प्रवासी जमेपर्यंत थांबावं लागतं आणि पुण्यात एकेकाला सोडत सोडत कोथरूड कधी येईल ते त्यांच्या हातात नसतं.

डिकीकडे वळू. विमान कंपन्यांची मोठ्या बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि बहुतेक वेळा २३ किलो. अशा चार म्हणजे जवळपास ९० किलो वजन आणि एका छोट्या कपाटाएवढा आकार. डिझायर किंवा ऑरासारख्या सेडानची डिकी मोकळी असेल तर दोन मोठ्या बॅगा आणि एखादी केबिन बॅग बसते. पण टॅक्सीत चालणाऱ्या बहुतेक सेडान सीएनजीवर असतात आणि सिलिंडर डिकीत आडवा बसवलेला असतो. उरलेल्या फटीत एक मध्यम बॅग कशीबशी जाते. "फोर प्लस वन सेडान, चार बॅगा" असं जाहिरातीत लिहिलेलं असतं तिथे बॅगेचा आकार कुणी मोजलेला नसतो. मग पहाटे दोनला वाहनतळात एक बॅग पुढच्या सीटवर, एक आईच्या पायाशी आणि बाबा कोपऱ्यात दबलेले, असा साडेतीन तासांचा प्रवास होतो.

अर्टिगाचं गणितही सरळ नाही. तिसरी रांग उभी ठेवली तर मागे जेमतेम दोनशे लिटर जागा राहते. ती रांग पाडली की पेट्रोल गाडीत साडेपाचशे लिटरच्या आसपास जागा होते आणि चार मोठ्या बॅगा नीट बसतात. सीएनजी अर्टिगात तिसऱ्या रांगेच्या मागे सिलिंडर असतो. सीट पाडल्यावर त्याच्यापुढे बॅगा रचता येतात, पण उंच रचल्या की ड्रायव्हरची मागची काच झाकली जाते. तुमच्या सामानाला खरी गाडी म्हणजे इनोव्हा क्रिस्टा. मागच्या सीट बाजूला उचलून अडकवता येतात, मधल्या रांगेत दोघंही पाय मोकळे सोडून बसतात, आणि सीटची उंची अशी की गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून आत शिरावं लागत नाही, चढायला फक्त एक पायरी. सेडानमधून उतरताना ७६ वर्षांच्या माणसाला किती त्रास होतो तो आठवा, म्हणजे इथला दीड-दोन हजारांचा फरक कशाचा ते लक्षात येईल.

छपरावरच्या कॅरियरचा आग्रह धरू नका. जुलै महिना आहे. ताडपत्री आणि दोरी आणायची ड्रायव्हर विसरतो, आणि ताडपत्री असली तरी घाटातला वाऱ्याचा पाऊस तिच्या कडेने आत शिरतो.

इंधन कोणतं हे फोनवर विचारून खरं उत्तर मिळेलच असं नाही. गाडीचा नंबर आला की एम-परिवहन ॲपवर टाका. तिथे इंधनाच्या रकान्यात "पेट्रोल/सीएनजी" असं सरळ लिहिलेलं असतं. त्याच पानावर विमा, फिटनेस आणि गाडीचा वर्गही कळतो. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असावीत, गाडी विजेवरची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. पांढऱ्या पाटीची "माझ्या भावाची नवी गाडी आहे, आरामात जाल" ही सूचना कितीही प्रेमाने आली तरी नको. खासगी मोटार भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं यावरच बोट ठेवते.

दराकडे या. समोर दोन आकडे आहेत असं धरा. एक म्हणतो "किलोमीटरला १३ रुपये". अंतर दीडशे किलोमीटर, म्हणजे १,९५० रुपये होतील असं वाटतं. पण बाहेरगावच्या भाड्यात किमान किलोमीटर धरलेले असतात, दिवसाला ३०० धरू. गाडी रिकामी येते किंवा जाते, म्हणून दोन्ही बाजूंचं अंतर मोजणं हा या धंद्याचा नियमच आहे आणि त्यात फसवणूक नाही. फसवणूक ते न सांगण्यात आहे. ३०० गुणिले १३ म्हणजे ३,९००. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता ४००, रात्रीचा आकार ३००: झाले ४,६००. ५ टक्के जीएसटीचे २३०. द्रुतगती मार्गाचा टोल १ एप्रिल २०२३ पासूनच्या दराने मोटारीला एका खेपेला ३२०, दोन्ही खेपांचे ६४०. बेरीज ५,४७०, विमानतळाची पार्किंग वेगळी. दुसरा गाडीवाला "सगळं धरून ४,८००, पार्किंग तुमची" म्हणतो. पहिल्या नजरेत महाग वाटणारा हा दुसराच स्वस्त आहे. म्हणून प्रत्येकाकडून एकच गोष्ट लेखी मागा: कोथरूडच्या दारात मी एकूण किती रुपये द्यायचे, आणि त्याबाहेर काय काय लागू शकतं.

त्या "बाहेर" मध्ये तीन गोष्टींवर नजर ठेवा. थांबण्याचे तास: फुकट थांबा किती आणि तो विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून मोजायचा की बुकिंगच्या वेळेपासून? परदेशी विमानाला उतरल्यापासून दोन तास फुकट थांबा मागणं रास्त आहे. दुसरी, वाशीचा टोल. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ आहे, तरी जुन्या छापील हिशेबात तो अजून डोकावतो. तो काढायला लावा. तिसरी, अटल सेतू. तिथे मोटारीला एका खेपेचा टोल २५० रुपये. दक्षिण मुंबईतून पुण्याला जाणाऱ्याला तो फार सोयीचा आहे, पण सहारहून शिवडीपर्यंत खाली उतरून मग पुलावर चढणं रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर निव्वळ वळसा आहे. टोल फास्टॅगमधून गाडीमालकाच्या खात्यातून कटतो, प्रवाशाला पावती दिसत नाही, म्हणून टोल वेगळा द्यायचा ठरला असेल तर त्याच्या मोबाइलवर आलेला कपातीचा संदेश बघून द्या.

आगाऊ रक्कम दहा-वीस टक्क्यांहून जास्त भरू नका. गाडी येण्याची निकड टिकते ती बाकी राहिलेल्या पैशांमुळे. कोणत्याही प्रवासी कंपनीचा ग्राहकसेवा नंबर शोधयंत्रावर शोधून त्यावर फोन करू नका. तिथे खोटे नंबर मुद्दाम पेरलेले असतात, आणि "परतावा देतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा पैसे घेत असतो. नंबर ॲपच्या आतून किंवा बुकिंगच्या पत्रातून घ्या. बाबांच्या खिशात चार-पाच हजारांच्या नोटा असू द्या. भारतात राहणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंतचं भारतीय चलन बाहेर नेऊन परत आणता येतं, आणि जाताना बरोबर नेलेले पैसे बहुधा त्यांच्या पाकिटात तसेच असतील. विचारून ठेवा.

फोनचं काम आजच करा. सहा महिने बाहेर राहिल्यावर त्यांचं भारतातलं प्रीपेड सिम जिवंत आहे का? ९० दिवस काहीच वापर नसला तर कंपनी ते बंद करू शकते. चालू असेल तर निघण्याआधी रिचार्ज करा आणि जुनं सिम हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा, मोठ्या बॅगेत नको. विमानतळाच्या वायफायवर भिस्त ठेवू नका. त्याला ओटीपी लागतो आणि परदेशी नंबरवर तो वेळेत येईलच असं नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मुंबईत ००.४० वाजतात तेव्हा न्यू जर्सीत १४ तारखेची दुपार असते, ३ वाजून १० मिनिटं. म्हणजे हा सगळा प्रवास तुम्ही दिवसाउजेडी, जागेपणी सांभाळू शकता. ड्रायव्हर, गाडीमालक, आई आणि तुम्ही असा चौघांचा व्हॉट्सॲप गट करा आणि मंगळवारी पुण्याच्या संध्याकाळी, म्हणजे तुमच्या सकाळी, त्यात एकच मेसेज टाका. साधारण असा:

"विमान नंबर अमुक, टर्मिनल २, बुधवार १५ जुलै ००.४०. प्रवासी दोन, व्हीलचेअर एक, मोठ्या बॅगा चार, केबिन दोन. गाडी अमुक, नंबर अमुक, ड्रायव्हर अमुक. भेटायचं ठिकाण: आगमनाच्या दाराबाहेर, हातात पाटी, पाटीवर मराठीत मोठ्या अक्षरांत आडनाव. एकूण भाडं इतकं, टोल धरून, पार्किंग वेगळी. भेटल्यावर ड्रायव्हरने आधी आमच्या सोसायटीचं नाव सांगायचं."

शेवटचं वाक्य परवलीच्या शब्दासाठी. बाहेर पडताच "काका, तुमची गाडी कॅन्सल झाली, मालकाने मला पाठवलंय" म्हणणारे लोक दारात असतात. सोसायटीचं नाव ज्याला ठाऊक नाही त्याच्यामागे जायचं नाही, हे आईला नीट सांगून ठेवा. गाडीचा नंबर मेसेजमधल्यापेक्षा वेगळा निघाला तर गाडीमालकाशी बोलल्याशिवाय बॅगा चढवायच्या नाहीत.

उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंत तास ते दीड तास धरा. मध्यरात्रीनंतर परदेशी विमानं लागोपाठ उतरतात, त्यामुळे पासपोर्टच्या रांगा आणि सामानाचे पट्टे दोन्ही भरलेले असतात. व्हीलचेअरवाल्यांना रांगेत प्राधान्य मिळतं, पण विमानाच्या दाराशी मदतनीस येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. व्हीलचेअरची मागणी आईसाठीही नोंदवा. चालू शकणाऱ्या जोडीदाराला मदतनिसाच्या वेगाने चालताना धाप लागते, आणि दोघांची ताटातूट झाली की फोन एकाकडे आणि पासपोर्ट दुसऱ्याकडे असा प्रसंग येतो. फोन आणि कागद प्रत्येकाचे स्वतःजवळ.

ड्रायव्हर सहसा वाहनतळात थांबून राहत नाही, कारण पार्किंगचा आकडा तासागणिक चढतो. तो बाहेर सहार रोडच्या आसपास थांबतो आणि बोलावल्यावर आत यायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. म्हणून "बाहेर आलो, कुठे आहात?" असा फोन उशिराचा ठरतो. दोन बॅगा पट्ट्यावरून हातात आल्या की फोन करायचा. उरलेल्या दोन येईपर्यंत गाडी वाहनतळात लागते आणि तो पाटी घेऊन दारात पोचतो. ड्रायव्हर दारात आलाच पाहिजे, हे बुकिंग करतानाच ठरवा. "अमुक मजल्यावर या, खांब क्रमांक अमुक" हा निरोप बहुमजली वाहनतळात तरुणांनाही गोंधळात टाकतो. लिफ्ट चुकली की ढकलगाडीसकट पुन्हा वर-खाली. व्हीलचेअरचा मदतनीस गाडीपर्यंत येतो, त्याला दारातूनच परत पाठवू नका.

बाहेर पडण्याआधी आतल्या स्वच्छतागृहात जाऊन यायला सांगा. एकदा दार ओलांडलं की परत आत येता येत नाही, आणि पुढचं बरं ठिकाण खालापूरचा फूड मॉल, म्हणजे सव्वा ते दीड तास. औषधं, शाल आणि खायचं काहीतरी हातातल्या पिशवीत हवं. मधुमेह असेल तर विशेषतः, कारण विमानातलं शेवटचं खाणं होऊन तोवर चार-पाच तास झालेले असतात.

गाडी सुटायच्या आधी मागच्या सीटचे पट्टे लागतात का ते बघा. टॅक्सीत सीट कव्हर घालताना पट्ट्याची कुलपं खाली गाडली जातात आणि ड्रायव्हर सहज म्हणतो, "मागे लागत नाही काका." लागतात. कव्हर वर करून काढायला लावा, दोन मिनिटांचं काम आहे. हे मेसेजमध्ये आधीच लिहिलं तर गाडी तयार होऊनच येते.

रस्ता असा: सहारहून चेंबूर, मानखुर्द, वाशीचा पूल, सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली. तिथून साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग किवळ्यापर्यंत, मग वाकड, बाणेर, चांदणी चौक आणि कोथरूड. प्रवासी टॅक्सीला ताशी ८० चा वेगनियंत्रक असतो, त्यामुळे "अडीच तासांत पोचवतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. साडेतीन तास हा प्रामाणिक अंदाज, पावसात चार. तीनला निघाले तर साडेसहा-सातला घरी, आणि ती वेळ चांगली आहे: घाटातली सकाळची कोंडी लागत नाही, सोसायटीचा रखवालदार जागा असतो, दूध आलेलं असतं. पाऊस फार असेल तर सोमवार-मंगळवारच्या बातम्या बघा. २०२३ च्या जुलैत आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून वाहतूक अडली होती, अशा वेळी तासन् तास गाडीत बसून राहावं लागतं.

खालापूरला थांबायचंच, गरज असो वा नसो. घाटाच्या पायथ्याशी वीस मिनिटं, ड्रायव्हरला चहा, तोंडावर पाणी. हे भाड्यात धरलंय असं त्याला आधी सांगून ठेवलं की तो संकोच करत नाही. पहाटे तीन ते पाच ही माणसाच्या शरीराची सगळ्यात जड वेळ. खिडकी पुन्हा पुन्हा खाली करणं, मान झटकणं, वेग विनाकारण कमी-जास्त होणं, गाडी पांढऱ्या रेघेवर सरकणं, यातलं काही दिसलं तर बोलायला लाजू नका. "दादा, पुढे बाजूला सुरक्षित जागा बघून दहा मिनिटं थांबू या, आम्हाला घाई नाही" एवढं पुरतं. आई-बाबांचं घड्याळ तेव्हा न्यू जर्सीच्या संध्याकाळवर असतं, त्यामुळे ते जागेच असण्याची शक्यता जास्त. बाबांनी ड्रायव्हरशी अधूनमधून बोलत राहावं. लाइव्ह लोकेशन आठ तासांसाठी चालू ठेवायला सांगा, ठिपका एका जागी वीस मिनिटांहून जास्त थांबला तर तुम्ही फोन करा. संकटात ११२.

विमान दोन तासांहून जास्त रखडलं तर ड्रायव्हरला आधी झोपायला सांगा, उठवायची जबाबदारी तुमची.

आणि रात्री प्रवासच नको असं वाटत असेल, तर तो विचार अगदी योग्य आहे. ७६ व्या वर्षी, पावसाळ्यात, अंधेरी पूर्वेला विमानतळाजवळ एक खोली घेऊन सकाळी नाश्ता करून दहाला निघणं मी कधीही चांगलं मानेन. ड्रायव्हर रात्रभर झोपून सकाळी येतो, भाड्यातला रात्रीचा आकार जातो, खोलीचा बराचसा खर्च वसूल होतो. फक्त तारखेचा तोच सापळा इथेही आहे: खोली १४ जुलैच्या रात्रीची घ्यायची, १५ ची नव्हे, आणि हॉटेलला "रात्री दोननंतर येतोय, खोली सोडू नका" असं कळवून ठेवायचं.

ठरलेली गाडी आलीच नाही तर? हा निर्णय टर्मिनलच्या आत असतानाच घ्यायचा. पट्ट्यावर बॅगा घेताना दोन फोन केले, गाडीमालकही उचलत नाही, पंधरा मिनिटं गेली, तर बाहेरच्या गर्दीत जाण्याऐवजी आगमनाच्या दालनातल्या टॅक्सी काउंटरवर पावती फाडून गाडी घ्यावी आणि विमानतळाजवळच्या एखाद्या हॉटेलात जावं. रात्री अडीचला अनोळखी गाडीने पुण्याचा घाट चढू नये. त्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये आजच ठेवायला सांगा.